मंडळी कशासाठी?

प्रभुभोजनाची सर्वांत जुनी लेखी हकीकत एका खडसावणीत सापडते. इसवी सन ५०नंतरच्या पाच-सहा वर्षांत पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले. तिथले खातेपीते लोक एकत्र जमले की आपापले अन्न आधीच संपवत. कोणी पिऊन तर्र होई, कोणी उपाशी राही. उपाशी राहणारे बहुधा मजूर आणि गुलाम असावेत, कामावरून सुटायला त्यांना उशीर होत असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पौल संतापला. तुमच्या एकत्र येण्याने भले होण्याऐवजी वाईटच होते, असे त्याने तोंडावर सुनावले. अटकेच्या रात्री येशूने भाकर मोडून शिष्यांना कशी दिली, हे त्याने लिहिले ते या संदर्भात. चारही शुभवर्तमाने त्यानंतरची, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या विधीभोवती ख्रिस्ती उपासना आजही फिरते, त्याचा पहिला पुरावा पंक्तिभेदाच्या तक्रारीत आहे. चर्च कशासाठी, या प्रश्नावर लिहिल्या गेलेल्या ग्रंथांच्या ढिगात मला हेच पत्र सर्वांत कामाचे वाटते.

हा प्रश्न बाहेरच्यांपेक्षा आतलेच जास्त विचारतात. येशू हवा, त्याची शिकवण हवी, पण चर्च कशाला? घरी बायबल वाचता येते, प्रार्थना करता येते. रविवारी तासभर बाकावर बसायचे, पंचांची भांडणे ऐकायची, वर्गणी भरायची, हे सगळे ख्रिस्ती असण्याला आवश्यक आहे का? प्रश्न वावगा नाही. येशूने स्वतः या विषयावर फारच थोडे सांगितले आहे. चार शुभवर्तमानांपैकी फक्त मत्तयात मंडळीचा नावानिशी उल्लेख येतो, तोही दोनच ठिकाणी. सोळाव्या अध्यायात पेत्राला उद्देशून, खडकावर मंडळी उभारण्याची भाषा आहे. अठराव्या अध्यायात भाऊ भावाचा अपराधी झाला तर काय करावे ते सांगितले आहे: आधी एकट्याने जाऊन बोल, मग दोघा-तिघांना घेऊन जा, तरीही न ऐकले तर मंडळीला सांग. पहिला उल्लेख रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाच्या आतून भल्यामोठ्या लॅटिन अक्षरांत लिहिलेला आहे. दुसऱ्यासाठी कोणी घुमट बांधला नाही. रोजच्या जगण्यात मात्र मंडळीला दुसराच लागतो.

पहिली दोन-तीन शतके चर्चची स्वतंत्र इमारत जवळजवळ नव्हतीच. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरी मंडळी जमे, फिलेमोनाच्या घरी जमे. आजच्या सीरियात, फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकात एका राहत्या घरात फेरबदल करून केलेली उपासनेची जागा उत्खननात सापडली. अशा ज्ञात जागांत ती सर्वांत जुनी. ३१३ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मोकळीक दिल्यावर घरांची जागा सभागृहांनी घेतली, पाठोपाठ जमीन आली, दरबारी मान आला, आणि चर्च नको म्हणायला पुरेशी कारणेही आली.

त्याआधीच उत्तर आफ्रिकेत मंडळी कोणाची यावर वाद पेटला होता. कार्थेजचा बिशप सिप्रियन याची भूमिका सडेतोड होती: मंडळीबाहेर तारण नाही, ज्याला मंडळी आई नाही त्याला देव बाप नाही. छळाच्या काळात फुटून वेगळे गट काढणाऱ्यांविरुद्ध तो हे मांडत होता, हा संदर्भ पुढे गळून पडला आणि परधर्मीयांवर उगारायला ते वाक्य सोयीचे झाले. नंतर, ३०३पासूनच्या छळात ज्या धर्मगुरूंनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले होते, त्यांच्या हातचे संस्कार खरे मानायचे का, यावर दोनातवाद्यांनी वेगळी चूल मांडली. शुद्ध माणसांचीच मंडळी हवी, असे त्यांचे म्हणणे. ऑगस्टिनने उत्तर दिले की शेतात गहू आणि निदण कापणीपर्यंत एकत्रच वाढायचे. संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर तो अवलंबून नाही. ऑगस्टिनचे उत्तर मला पटते, पण त्याची किंमतही दिसते. पदावरच्या माणसाचे पाप झाकायला हेच उत्तर शतकानुशतके वापरले गेले, आणि धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणांत आपल्याच काळात त्याची घाण वर आली.

पुढच्या हजारभर वर्षांचा हिशेब इथे थोडक्यात पुरे. ल्यूथरच्या बाजूने १५३० साली औग्सबुर्ग इथे मांडलेल्या कबुलीजबाबाने चर्चची खूण दोन गोष्टींवर आणली: शुभवर्तमान नीट सांगितले जावे आणि संस्कार नीट दिले जावेत. कॅल्व्हिनच्या परंपरेने तिसरी खूण जोडली, शिस्त. रोमन कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, नोव्हेंबर १९६४च्या दस्तऐवजात, धर्मगुरूंच्या उतरंडीचा विषय काढण्याआधी देवाच्या प्रजेवर एक अख्खे प्रकरण घातले. प्रकरणांचा क्रम हीच तिथली बातमी होती. १९७४ साली एव्हरी डलस या अमेरिकन जेझुइटाने चर्चकडे पाहण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या: संस्था, आत्मिक सहभागिता, संस्कार, संदेशवाहक आणि सेवक. धर्मशास्त्राच्या वर्गात ही यादी अजून घोकली जाते. यादी चांगली आहे, पण कोण कोणाशेजारी बसतो हे तिच्यात कुठेच विचारलेले नाही.

आपल्याकडे तो प्रश्न टाळणे कोणालाच शक्य नव्हते. गोव्यात सोळाव्या शतकात गावेच्या गावे ख्रिस्ती झाली, तेव्हा गावकरी ही गावसंस्थाही चर्चमध्ये आली. सणाचा मान कोणाचा, मिरवणुकीत कोण पुढे, कोणत्या बंधुसंघात कोणाला प्रवेश, हे अनेक गावांत जातीने ठरत राहिले, आणि कुंकळ्ळीसारख्या ठिकाणी त्यावरचे वाद आपल्या हयातीपर्यंत आले. फादर थॉमस स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले, त्यात ओवीला चर्चमध्ये जागा मिळाली. त्या ओव्या ऐकणारे मात्र आपापल्या पायरीवरच राहिले. मुंबईत आलेल्या गोवेकरांनी धोबी तलावाच्या आसपास गावागावांच्या कुडी, म्हणजे सामाईक निवासगृहे, काढली. जहाजावर नोकरी शोधणारा माणूस तिथे ट्रंक ठेवी आणि संध्याकाळी वेदीपुढे रोझरीला बसे. मंडळीचे इतके उपयोगी आणि इतके बिनतक्रार रूप क्वचितच दिसते. फक्त तिचे दार गाव पाहून उघडे.

वसईची गोष्ट वेगळी. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज गेले. राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून आलेले चर्च राज्यकर्ते गेल्यावर मोडायला हवे होते, पण सामवेदी, वाडवळ आणि कोळी कुटुंबांनी ते टिकवले. तिथे धर्मग्राम म्हणजे निव्वळ मिस्सा नव्हे. १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने बॅसीन कॅथलिक सहकारी बँक सुरू झाली. सावकाराच्या पाशात सापडलेल्या बागायतदाराला सोडवणे हे चर्चचे काम आहे का, असे त्या वेळी कोणाला विचारावेसे वाटले नसावे. मिस्सा मात्र लॅटिनमध्ये चाले आणि लोक बाकांवर जपमाळ ओढत. व्हॅटिकन परिषदेनंतर वेदी लोकांकडे वळली, मिस्सा मराठीत आली, आणि ‘सुवार्ता’ मासिकातून फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा माणूस घडला. वसईतली झुंडशाही आणि बिल्डरांचे अतिक्रमण यांविरुद्ध ते हरित वसईच्या चळवळीत उतरले, तेव्हा पाद्र्याने वेदी सांभाळावी असे म्हणणारे आतही होते. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाल्यावर तशीच कुरबुर बाहेरून झाली. दोन्ही बाजूंना चर्च चार भिंतींत हवे होते, हे साम्य मजेशीर आहे.

देशावर चर्चचा अर्थ अधिक टोकाचा होता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, १८३१पासून त्यांचे मोठे केंद्र. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणारा माणूस त्याच दिवशी घर, विहीर, सोयरीक आणि स्मशान गमावत असे. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री या मुलावरून कोर्टकज्जा झाला. न्यायालयाने त्याला मिशनऱ्यांकडून बापाच्या ताब्यात दिले आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. थोरला भाऊ नारायण ख्रिस्तीच राहिला. पुढे स्कॉटिश मिशनचा पाळक झालेल्या या ब्राह्मणाने जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव वसवले, मुख्यतः मांग कुटुंबांसाठी. जातीतून बाहेर पडलेल्या माणसाला मंडळी म्हणजे उरलेले एकमेव गणगोत होते. तिथे घरी बायबल वाचले तर चालणार नाही का, असे विचारायला आधी घर असावे लागते.

या गणगोताचा चरितार्थ मिशन चालवी, आणि तिथेच गोम होती. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, पाळकाचा पगार मिशनचा. जे जेवू घालतात ते बोलूही देत नाहीत, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरेल; पण मंडळीने काय गावे, कसे बसावे, कोणाला पाळक करावे हे ठरवणारी चावी दीर्घकाळ साहेबाच्या खिशात होती. नारायण वामन टिळकांना ते जाचले. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी मंडळीला भजन आणि कीर्तन दिले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे त्यात यावेत, ही कल्पना. चर्चच्या कुंपणाबाहेर ख्रिस्ताचे कुटुंब उभारण्याचा महाराष्ट्रातला हा सर्वांत धाडसी प्रयोग. दोनच वर्षांत, मे १९१९मध्ये, टिळक गेले आणि दरबार विरला. तो अकाली मरण पावला असे सांगण्याची पद्धत आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. टिळकांच्या माणसांना एकत्र बांधणारे टिळकच होते. कोणी आजारी पडले तर कोणी जायचे, दोघांचे बिनसले तर कोणाकडे न्यायचे, याची घडी बसायला सवड मिळाली नाही. ती घडी बसली असती तर दरबाराचेही चर्चच झाले असते, थोडे अधिक मोकळे आणि अधिक सुरेल.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यांचा प्रयोग टिकला. सप्टेंबर १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगोलग ज्या अँग्लिकन भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत, बिशपांचा अधिकार, इतकेच काय तर गळ्यातल्या क्रूसावरची लॅटिन अक्षरे. एकही गोष्ट त्यांनी कोणी सांगते म्हणून मान्य केली नाही. एकाच प्रभूचे नाव घेणारे इतके पंथ पाहून आपण चक्रावून गेलो, हे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्या ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीच्या, कोणत्याही एका पंथाच्या नव्हेत. मग १८९६च्या दुष्काळातल्या मुली-बायका त्यांनी केडगावला आणल्या. तिथल्या ‘मुक्ती’ या आश्रमात त्यांची संख्या हजारावर गेली, छापखाना, शेती, विणकाम, शाळा उभी राहिली. जून १९०५मध्ये तिथे प्रार्थनेतून जे जागरण उसळले ते लॉस एंजेलिसच्या प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटवरच्या जागरणाच्या एक वर्ष आधीचे. पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे आता केडगावचे नाव घेतात. तरुण मुलींच्या टोळ्या गावोगाव प्रचाराला निघाल्या. पंथ नाकारणाऱ्या बाईने, बिशपाची परवानगी न मागता, बायकांची एक अख्खी मंडळी उभी केली. धर्मशास्त्रज्ञांनी मुक्तीला चर्च म्हणायला कां-कूं केली असेल, पण रविवारी तिथे जमणाऱ्या विधवांना आणि अनाथ मुलींना दुसरी मंडळी नव्हती.

चर्च नको म्हणणाऱ्यांची भारतात मोठी परंपरा आहे. १९३८ साली मद्रासजवळच्या तांबरमला जागतिक मिशन परिषद भरली, तेव्हा चेंचय्या, चक्करै हे भारतीय ख्रिस्ती विचारवंत आणि त्यांच्या मित्रांनी वेगळे पुस्तक काढून संस्थाबद्ध चर्चवर हल्ला चढवला. बाप्तिस्मा म्हणजे एका समाजातून उठून दुसऱ्यात जाणे असे झाले असेल तर त्याशिवाय ख्रिस्ताचे होता येईल का, यावर १९७०च्या सुमारास भारतीय धर्मचिंतक एम. एम. थॉमस आणि ब्रिटिश मिशनरी बिशप लेस्ली न्यूबिगिन यांची गाजलेली चर्चा झाली. थॉमस सेक्युलर समाजात ख्रिस्ताभोवती घडणाऱ्या सहभागितेला जागा देऊ पाहत होते. न्यूबिगिनांचे म्हणणे असे की डोळ्यांना दिसणारी, नाव-पत्ता असलेली मंडळी नसेल तर ती सहभागिता फक्त मनात राहते. थॉमसांचा हेतू मोठा होता, तरी मी न्यूबिगिनांच्या बाजूचा. मनातल्या मंडळीत कोणी नावडता माणूस कधी शेजारी येऊन बसत नाही.

दिसणाऱ्या मंडळीची लाज काढायची तर डॉ. आंबेडकरांचे लेखन वाचावे. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर त्यांनी लिहिले, त्यात दोन दुखण्यांवर बोट ठेवले: जात चर्चमध्ये शिरून टिकली, आणि अस्पृश्यतेतून आलेला ख्रिस्ती माणूस आपल्या मागे राहिलेल्या भावांसाठी आवाज उठवत नाही. नगर जिल्ह्यात महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्या सोयरिकी किती काळ वेगळ्या राहिल्या हे त्या भागात कोणीही सांगेल. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती दलितांना नाकारल्या. पुढे १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध दलित त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. सरकार म्हणते तुमच्यात जात नाही, आणि मंडळीतल्या लग्नाच्या बोलण्यांत ती पहिल्या चहालाच निघते. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ या मराठी प्राध्यापकाने शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी केली. त्यातून दलित धर्मशास्त्राची शाखा फुटली. करिंथच्या पंगतीवर पौल जे बोलला तेच निर्मळ आपल्या पूर्वजांच्या तहानेविषयी बोलत होते, फक्त या वेळी बोलणारा उपाशी राहिलेल्यांपैकी होता.

पंथांच्या भिंती पाडण्याचा मोठा प्रयत्नही महाराष्ट्रातच तडीस गेला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. बोलणी १९२९पासून चालू होती. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि प्रौढपणीच देणारे एका छत्राखाली आले, दोन्ही रीती ग्राह्य धरल्या गेल्या. प्रोटेस्टंट जगात हे आजही दुर्मीळ आहे. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर पडले. नगरच्या ज्या मंडळ्या मूळच्या सभासदांच्या मताने चालत, त्यांच्यावर आता बिशप आले, आणि ते पचवायला जुन्या घराण्यांना वेळ लागला. मग मालमत्तेचे दावे निघाले. महाराष्ट्रात आणि गुजरातेत चर्च हा १९५०च्या कायद्याखालचा सार्वजनिक न्यास असतो, धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीतला. गुजरातेतल्या ब्रदरन चर्चच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ठराव करून चर्च एक झाले म्हणून न्यासाची मालमत्ता आपोआप एक होत नाही. वेदीपुढे झालेले ऐक्य सात-बाराच्या उताऱ्यावर उतरत नाही, हे कळायला त्रेचाळीस वर्षे लागली. मिशनच्या बंगल्यांवर आणि मैदानांवर ज्यांचा डोळा आहे त्यांना ते आधीच माहीत होते.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख, एक टक्क्यालाही थोडे कमी. इतक्या लहान समाजात आज चर्चचे काय चालले आहे? शाळा आणि दवाखाने आता सगळेच चालवतात, तेवढ्यासाठी मंडळी लागत नाही. प्रवचन मोबाइलवर मिळते, बहुधा स्थानिक पाळकापेक्षा बरे. मार्च २०२०मध्ये चर्च बंद झाली तेव्हा हे उघडे पडले. कॅथलिक धर्मगुरूंनी पडद्यावरची मिस्सा पाहून मनाने सहभागी व्हा म्हटले. काही प्रोटेस्टंट पाळकांनी घरीच भाकर आणि द्राक्षरस घेऊन बसा म्हटले. काहींनी दोन्हीला नकार देऊन, एकत्र येता येईल तेव्हाच भोजन, असे ठरवले. मला तिसरी बाजू कर्मठ वाटली नाही. ज्या विधीचा अर्थच एकाच भाकरीतून सगळ्यांनी खाणे आहे, तो आपापल्या फ्रीजमधल्या पावावर होत असेल तर करिंथचे खातेपीते लोक फार चुकले नव्हते असे म्हणावे लागेल.

दुसरा बदल अधिक टिकाऊ आहे. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नवी मुंबई, सगळीकडे भाड्याच्या हॉलमध्ये स्वतंत्र सहभागिता भरतात. गिटार आणि ढोलकी असते, साक्षी असतात, तरुण असतात. जुन्या चर्चमध्ये म्हातारे उरतात आणि पंचांच्या निवडणुका उरतात. या सहभागितांत पास्टरला प्रश्न विचारायची सोय बहुधा नसते, हिशेबही त्याच्याच हाती असतो, ही त्यांची कच्ची बाजू. पण गावात चर्चची पायरी न चढलेली, कोणत्याही मिशनच्या वहीत नाव नसलेली माणसेही तिथे येऊन बसतात, आणि त्यांना कोणी आडनाव विचारत नाही. निदान पहिली काही वर्षे.

मग एखादा सभासद मरतो. मुंबईत ख्रिस्ती दफनभूमींत जागा इतकी तुटपुंजी आहे की जुनी थडगी उकरून पुन्हा वापरावी लागतात, आणि चर्चच्या ताब्यातल्या दफनभूमीत सभासदत्वाची नोंद पाहतात. हॉलवाल्या पास्टरकडे नोंदवही नसते, जमीन तर नसतेच. तो जुन्या चर्चच्या पाळकाला फोन करतो. मृत माणसाने तिथली वर्गणी कधीच बंद केलेली असते. नियमाप्रमाणे पाळक नाही म्हणू शकतो, आणि काही ठिकाणी म्हणतातही. माझ्या मते त्याने जागा द्यावी. वर्गणीचे आणि वहीचे काय ते दोघांनी दफनानंतर, चहा घेताना बोलावे.